एम ५७ : मावळत्या ताऱ्याचे कवच कोण ढकलते आणि ते उजळते कधी?

नभांगण

स्वरमंडळ तारकासमूहातील एम ५७ ही कंकणाकृती अभ्रिका बहुतेक आकाशनिरीक्षकांच्या परिचयाची आहे. अभिजित ताऱ्याच्या दक्षिणेला शेलियाक आणि सुलाफत हे दोन तारे आहेत आणि त्यांच्या मधोमध, पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षांवर, ही अभ्रिका आहे. तिच्या तेजस्वी वलयाचा व्यास जवळपास एक प्रकाशवर्ष भरतो. तिच्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते त्यात साधारणपणे एवढेच असते की सूर्यासारखा तारा आयुष्याच्या शेवटी आपले बाहेरचे थर अवकाशात फेकून देतो आणि त्या थरांची अभ्रिका होते. असे वाचले की मनात स्फोटाचे चित्र उभे राहते. बिंबाभ्रिका, ज्यांना आपण ग्रहीय तेजोमेघही म्हणतो, स्फोटातून निर्माण होत नाहीत. ग्रहांशीही त्यांचा काही संबंध नाही. अठराव्या शतकात विल्यम हर्शेलला त्या दुर्बिणीतून ग्रहाच्या बिंबासारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडले.

मला या धाग्यात दोन प्रश्न नीट मांडायचे आहेत. ताऱ्याचा वायू बाहेर ढकलतो कोण, आणि बाहेर गेलेला वायू उजळतो कधी? या दोन घटना एकाच वेळी घडत नाहीत आणि त्यांच्यामधल्या काळात खरी गंमत आहे.

सूर्याच्या एक ते आठ पट वस्तुमानाच्या ताऱ्याचा विचार करू. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर आणि पुढे हीलियमचेही कार्बन व ऑक्सिजनमध्ये रूपांतर झाल्यावर ताऱ्याच्या मध्यभागी पृथ्वीएवढ्या आकाराचा, अतिशय घन आणि निष्क्रिय गाभा उरतो. त्याच्याभोवती हीलियमचे पातळ कवच आणि त्याबाहेर हायड्रोजनचे पातळ कवच आळीपाळीने जळत असतात. बाकीचा सारा तारा म्हणजे सूर्याच्या शेकडो पट त्रिज्येपर्यंत फुगलेले वायूचे विरळ आवरण होय. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान तीन हजार केल्विनच्या आसपास असते, परंतु तेजस्विता सूर्याच्या हजारो पट असते.

फुगल्याचा पहिला परिणाम असा की पृष्ठभागावरची गुरुत्वाची पकड ढिली होते. आजच्या सूर्याच्या पृष्ठभागावरून कायमचे निसटण्यासाठी सेकंदाला ६१८ किलोमीटर वेग लागतो. तोच सूर्य, वस्तुमान न गमावता, पृथ्वीच्या कक्षेएवढा फुगला तर ४२ किलोमीटर पुरे होतात. दुसरा परिणाम असा की हे आवरण स्थिर राहत नाही, ते काही महिन्यांच्या आवर्तनाने आकुंचन व प्रसरण पावत राहते. तिमिंगल तारकासमूहातील मीरा हा तारा याचे ठळक उदाहरण आहे. डेव्हिड फाब्रिसियसने १५९६ मध्ये त्याची नोंद केली आणि त्याचा आवर्तकाल सुमारे ३३२ दिवसांचा आहे. प्रत्येक स्पंदाबरोबर वायूचे थर पृष्ठभागापासून दूरवर उचलले जातात, तेथे ते थंड होतात, आणि तापमान साधारण दीड हजार केल्विनच्या खाली आले की त्या वायूतून घन धूलिकण जमू लागतात. ताऱ्यात ऑक्सिजन अधिक असेल तर ते सिलिकेटचे असतात, कार्बन अधिक असेल तर काजळीसारखे.

येथे चित्र बदलते. मोकळा वायू ताऱ्याचा प्रकाश फारसा अडवत नाही, धूलिकण मात्र तो चांगलाच अडवतात. हजारो सूर्यांएवढ्या प्रकाशाचा दाब या कणांना बाहेर ढकलतो आणि कण आपल्याबरोबर भोवतालचा वायू ओढून नेतात. असा निर्माण झालेला वारा सेकंदाला दहा ते वीस किलोमीटर इतका संथ असतो, पण शेवटच्या टप्प्यात तो इतका दाट होतो की काही तारे दरवर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा एक लाखांशापेक्षाही अधिक भाग गमावतात. म्हणजे एका सूर्याएवढे वस्तुमान संपायला एक लाख वर्षेही लागत नाहीत, आणि ताऱ्याच्या अब्जावधी वर्षांच्या आयुष्यात हा काळ नगण्य आहे.

तरीही या अवस्थेत अभ्रिका अशी दिसत नाही. वायू बाहेर गेलेला असतो, पण तो थंड आणि अंधारा असतो. आवरणाचा अखेरचा अंश, सूर्याच्या वस्तुमानाच्या हजारांश ते शतांश इतका, उरला की तारा आकसू लागतो. गाभ्यालगतचे ज्वलन चालूच असल्यामुळे एकूण तेज कमी होत नाही, त्यामुळे पृष्ठभाग लहान होताना तापमान वाढत जाते. ते तीस हजार केल्विनच्या घरात पोहोचले की ताऱ्यातून जंबुपार, म्हणजे अतिनील, किरणांचा मारा सुरू होतो, हजारो वर्षांपूर्वी निघून गेलेल्या वायूतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो वायू प्रकाशमान होतो. एम ५७ च्या मध्यातील ताऱ्याचे तापमान आज एक लाख केल्विनच्या वर आहे.

त्याच वेळी या तापलेल्या ताऱ्यातून दुसरा वारा सुटतो. तो पहिल्यापेक्षा फार विरळ असतो, पण त्याचा वेग सेकंदाला हजार किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त असतो. हा वेगवान वारा आधीच्या संथ वाऱ्याला मागून गाठतो आणि झाडूने अंगणातली धूळ ढकलताना झाडूपुढे जसा ढीग साचत जातो तसा वायू एका कवचात दाबला जातो. सुन क्वॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने मार्जारनेत्र अभ्रिकेच्या, म्हणजे एनजीसी ६५४३ च्या, पोकळीत लक्षावधी अंश तापमानाचा वायू प्रत्यक्ष टिपला. दोन वारे एकमेकांवर आदळल्यावर असा वायू निर्माण होणार हे अपेक्षितच होते.

आता सदस्यांनी आपले प्रश्न आणि आक्षेप मांडावेत.

शर्मिष्ठा

उत्तम मांडणी आहे, धन्यवाद. वय काढण्याचा एक सोपा हिशेब मी करून पाहिला. वलयाची त्रिज्या अर्धे प्रकाशवर्ष आणि प्रसरणाचा वेग सेकंदाला २५ किलोमीटर धरला, तर हा वेग प्रकाशाच्या वेगाचा बारा हजारावा भाग होतो. म्हणून अर्धे प्रकाशवर्ष जायला सहा हजार वर्षे लागतात. हे वय बरोबर मानावे काय? शिवाय माझा एक प्रश्न आहे. मधला तारा एक लाख केल्विनहून अधिक तापलेला असताना अभ्रिकेतील वायूचे तापमान दहा हजार केल्विनच्या आसपासच का राहते?

नभांगण

शर्मिष्ठा, हिशेबाची रीत बरोबर आहे, मात्र वेग सुरुवातीपासून एकच होता असे त्यात गृहीत धरलेले आहे. वायूचा वेग सर्वत्र आणि सर्वकाळ सारखा नसतो. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून एम ५७ चे वय सुमारे चार हजार वर्षे काढले गेले आहे. आपले उत्तर त्याच्या जवळपासच येते, यावरून अशा अभ्रिकांचे आयुष्य हजारो वर्षांचे असते, लाखोंचे नव्हे, एवढे तर नक्की कळते. साधारण दहा ते वीस हजार वर्षांत वायू इतका विरळ होतो की अभ्रिका दिसेनाशी होते.

तापमानाच्या प्रश्नाचे उत्तर ऑक्सिजनमध्ये दडलेले आहे. जंबुपार किरण अणूमधून इलेक्ट्रॉन उखडतात तेव्हा त्या इलेक्ट्रॉनला गतिज ऊर्जा मिळते आणि वायू तापतो. पण हे इलेक्ट्रॉन दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आयनांवर आदळतात, आयन उत्तेजित होतात आणि ती ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या रूपाने अभ्रिकेबाहेर निघून जाते. वायू जितका अधिक तापेल तितका हा निचरा झपाट्याने वाढतो, त्यामुळे तापमान दहा हजारांच्या आसपास रोखले जाते. ऑक्सिजनचे प्रमाण हायड्रोजनच्या तुलनेत हजारात एकाहून कमी असूनही थंड करण्याचे मुख्य काम तोच करतो.

ध्रुवमत्स्य

ऑक्सिजनचा उल्लेख आला आहे, म्हणून त्यामागचा इतिहास थोडक्यात नोंदवतो. विल्यम हर्शेलने १३ नोव्हेंबर १७९० रोजी वृषभ राशीत एक तारा पाहिला. त्याच्याभोवती अंधुक प्रकाशाचे सारख्या दाटीचे आवरण होते. ही वस्तू आज एनजीसी १५१४ या क्रमांकाने ओळखली जाते. तोपर्यंत सगळ्या अभ्रिका म्हणजे दूरचे तारकागुच्छ असावेत अशी त्याची धारणा होती. या ताऱ्याने ती मोडली, कारण मधला तारा आणि भोवतीचे आवरण यांचा संबंध उघड दिसत होता आणि ते आवरण ताऱ्यांचे बनलेले असणे शक्य नव्हते.

निर्णायक पुरावा मिळायला आणखी पाऊण शतक जावे लागले. विल्यम हगिन्सने २९ ऑगस्ट १८६४ रोजी मार्जारनेत्र अभ्रिकेकडे वर्णपटदर्शक वळवला तेव्हा त्याला ताऱ्यांसारखा सलग वर्णपट दिसलाच नाही. दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा, म्हणजेच ती वस्तू विरळ आणि तप्त वायूची होती. त्यातील सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. सूर्याच्या वर्णपटातून हीलियमचा शोध लागला होता, त्याच धर्तीवर येथेही नवे मूलद्रव्य असावे असे मानून त्याला नेब्युलियम असे नावही दिले गेले. मात्र आवर्तसारणीत त्यासाठी जागा उरली नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचीच आहे. उत्तेजित आयनाला हा प्रकाश बाहेर टाकायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. प्रयोगशाळेतील वायूत तेवढ्या वेळात तो आयन असंख्य वेळा इतर कणांवर आदळतो आणि ऊर्जा तशीच गमावून बसतो. अभ्रिकेत एका घनसेंटिमीटरमध्ये काहीशे ते काही हजार कणच असल्यामुळे त्याला तेवढी सवड मिळते. अशा रेषांना निषिद्ध रेषा म्हणतात.

त्रिशंकू

नभांगण यांच्या लेखात दोन वाऱ्यांच्या कल्पनेला दिलेले महत्त्व मला थोडे जास्त वाटते. त्या कल्पनेतून गोल कवच सहज मिळते. पण प्रत्यक्षात बहुसंख्य बिंबाभ्रिका गोल नसतात. कोणी लंबगोल असतात, कोणी फुलपाखरासारख्या दोन पंखांच्या, तर काहींमधून विरुद्ध दिशांना झोत निघालेले दिसतात. एकटा तारा असे आकार घडवू शकत नाही. ताऱ्याच्या फिरण्याचा आणि चुंबकीय क्षेत्राचा आधार काही काळ घेतला गेला, परंतु फुगलेला तारा अत्यंत मंद फिरतो आणि लागणारे चुंबकीय क्षेत्र पुरेसा काळ टिकवून धरणे त्याला जमत नाही, असे गणितांवरून दिसले. म्हणून माझ्या मते खरा शिल्पकार हा जोडीदार तारा आहे, वारा दुय्यम आहे.

याला निरीक्षणांचा आधार आहे. शर तारकासमूहातील एबेल ६३ या अभ्रिकेच्या मध्यभागी दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ११ तासांत फिरतात आणि एकमेकांना ग्रहणे लावतात, हे १९७६ मध्येच लक्षात आले होते. ज्या ताऱ्याने पूर्वी शेकडो सूर्यत्रिज्यांचे आवरण बाळगले होते त्याच्या इतक्या जवळ दुसरा तारा असणे याचा अर्थ एकच होतो. जोडीदार त्या आवरणाच्या आत शिरला होता, घर्षणाने आत आत सरकत गेला आणि त्या प्रक्रियेत सुटलेल्या ऊर्जेने आवरण बाहेर उधळले गेले. अशा अभ्रिकेत प्रकाशाच्या दाबाची गरजच काय?

नभांगण

त्रिशंकू, आक्षेप योग्य आहे आणि आकाराच्या बाबतीत मी तो जवळजवळ पूर्ण मान्य करतो. पण आकार कोण देतो आणि वस्तुमान बाहेर कोण नेतो हे दोन निराळे प्रश्न आहेत. इतक्या जवळचे जोडीदार साधारण पाचांपैकी एका बिंबाभ्रिकेत आढळतात. उरलेल्या अभ्रिकांत आवरण वाऱ्यानेच बाहेर जाते आणि दूरवर असलेला जोडीदार त्या वाऱ्याला वळण लावतो. चिलीतील अल्मा दुर्बिणसंचाने काही फुगलेल्या ताऱ्यांचे संथ वारे तपासले. लीन देसिन यांच्या चमूने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी एकाही ताऱ्याचा वारा गोलाकार नव्हता. त्यात सर्पिल रचना, चकत्या आणि कमानी होत्या. म्हणजे अभ्रिका उजळण्याच्या कितीतरी आधी, वायू अंधारात असतानाच, तिचा आराखडा ठरलेला असतो.

एम ५७ चेच उदाहरण घ्या. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये दिलेल्या प्रतिमांत तेजस्वी वलयाच्या बाहेर सुमारे दहा समकेंद्री कमानी आढळल्या आहेत. त्यांच्या अंतरांवरून साधारण दर २८० वर्षांनी एक कमान तयार झाली असावी असे दिसते. ताऱ्याचे स्पंद वर्षभराचे असतात आणि हीलियमच्या कवचातील उद्रेक हजारो वर्षांच्या अंतराने होतात, म्हणून २८० वर्षे हा काळ या दोहोंपैकी कशाशीही जुळत नाही. सूर्य आणि प्लूटो यांच्यामधील अंतराइतक्या अंतरावरून फिरणाऱ्या जोडीदाराशी मात्र तो जुळतो. त्याच प्रतिमांत वलयात सुमारे वीस हजार दाट गाठी मोजल्या गेल्या, त्या हायड्रोजनच्या रेणूंनी समृद्ध आहेत.

नौकाशीर्ष तारकासमूहातील एनजीसी ३१३२ या दक्षिणेकडील कंकणाची कथा याहूनही गुंतागुंतीची आहे. जेम्स वेबच्या जुलै २०२२ मधील पहिल्या प्रतिमांत तिचा समावेश होता. तिच्या मध्यभागी ठळक दिसणारा तारा हा अभ्रिकेचा जनक नव्हे, त्याच्या शेजारचा अंधुक तारा जनक आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओर्सोला द मार्को आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वायूच्या रचनेचा उलगडा करण्यासाठी चार, कदाचित पाच, ताऱ्यांची गरज भासली.

कृत्तिका

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, म्हणून प्रश्न साधा वाटल्यास क्षमा असावी. आपल्या सूर्याचे असेच होणार, असे शाळेपासून ऐकत आले आहे. परंतु वरील चर्चेत जोडीदार ताऱ्याला इतके महत्त्व दिले आहे आणि सूर्य तर एकटा आहे. मग सूर्याची बिंबाभ्रिका होणार की नाही?

नभांगण

कृत्तिका, या प्रश्नावर तज्ज्ञांमध्येही बराच काळ मतभेद होते, म्हणून तो साधा अजिबात नाही. मतभेदाचे मुख्य कारण जोडीदार नव्हता, वेळ होता.

मूळ लेखात मी म्हटले की वायू आधी जातो आणि तारा नंतर तापतो. या दोहोंमध्ये किती काळ जाईल हे उघड्या पडलेल्या गाभ्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते आणि हे अवलंबन विलक्षण तीव्र आहे. सूर्याच्या ०.६ पट वस्तुमानाचा गाभा काही हजार वर्षांत पुरेसा तापतो. ०.८ पटीच्या वरचा गाभा काही शतकांच्या आतच तापतो आणि तितक्याच घाईने विझूही लागतो, त्यामुळे त्याची अभ्रिका अल्पायुषी ठरते. गाभा हलका असेल तर तो इतक्या सावकाश तापतो की तोवर वायू दूरवर पांगून जातो आणि किरण पोहोचतात तेव्हा उजळण्यासारखे फारसे काही शिल्लक नसते. सूर्याचा गाभा अखेरीस सुमारे ०.५४ पट वस्तुमानाचा राहील असा अंदाज आहे. जुन्या गणितांनुसार तो या हलक्या गटात पडत होता, म्हणून सूर्याला दृश्य अभ्रिका लाभणार नाही असे अनेकांचे मत होते.

मार्सेलो मिलर बेर्तोलामी यांनी २०१६ मध्ये ताऱ्यांच्या या अवस्थेची गणिते नव्याने केली. त्यात असे गाभे पूर्वीच्या अंदाजापेक्षा तीन ते दहा पट वेगाने तापतात, असे निघाले. त्या आधारे गेसिकी, झिल्स्ट्रा आणि मिलर बेर्तोलामी यांनी २०१८ मध्ये मांडले की सूर्य एक अंधुक, पण दिसू शकेल अशी अभ्रिका निर्माण करील. सूर्य या सीमारेषेच्या अगदी जवळ आहे, म्हणून मी येथे ठाम 'होय' म्हणण्याऐवजी 'बहुधा होय, पण अंधुक' असे म्हणेन. आजपासून सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपेल आणि ही शेवटची अवस्था त्याच्याही बऱ्याच नंतर येईल.

शर्मिष्ठा

यावरून आणखी एक विचारते. दूरच्या दीर्घिकांची अंतरे काढण्यासाठी बिंबाभ्रिकांचा उपयोग होतो असे वाचले होते. प्रत्येक अभ्रिकेचे तेज वेगळे असेल तर हे कसे साधते?

ध्रुवमत्स्य

एकेका अभ्रिकेचे तेज वेगळे असते, परंतु एखाद्या दीर्घिकेतील पुष्कळ बिंबाभ्रिका ऑक्सिजनच्या हिरव्या प्रकाशात मोजल्या की त्यांच्यातील सर्वांत तेजस्वी अभ्रिकांचे तेज एका ठरावीक मर्यादेशी थांबते. ही मर्यादा निरनिराळ्या दीर्घिकांत जवळजवळ सारखीच आढळते, म्हणून ती अंतर मोजण्याची पट्टी म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरली जाते. यातील कोडे असे होते की जुन्या, लंबवर्तुळाकार दीर्घिकांत मोठे तारे केव्हाच संपलेले असतात, उरलेले असतात ते सूर्याच्या जवळपासच्या वस्तुमानाचे. त्यांच्यापासून इतक्या तेजस्वी अभ्रिका व्हायलाच नकोत, तरीही त्या होतात. वर उल्लेखलेल्या २०१८ च्या लेखाचा मुख्य विषय हाच होता, सूर्याचे भवितव्य त्यात ओघाने आले.

पुनर्वसू

चर्चा वायूच्या हालचालीभोवती फिरत आहे, त्या वायूत काय असते याकडेही पाहायला हवे. हीलियमच्या कवचातील ज्वलन सलग चालत नाही, हजारो वर्षांच्या अंतराने तेथे उद्रेक होतात. उद्रेकानंतर आवरणातील अभिसरण खोलवर पोहोचते आणि आत तयार झालेला कार्बन पृष्ठभागावर आणते. त्याबरोबर स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, बेरियम यांसारखी जड मूलद्रव्येही येतात. ही मूलद्रव्ये अणुकेंद्रांनी एकेक न्यूट्रॉन सावकाश शोषून घेतल्याने बनतात.

हे सारे ताऱ्याच्या आतच घडते याचा मला सर्वांत पटणारा पुरावा म्हणजे टेक्नेशियम. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही, सर्वाधिक टिकणाऱ्याचा अर्धायुकाल सुमारे ४२ लाख वर्षांचा आहे. पॉल मेरिल यांना १९५२ मध्ये काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच्या रेषा सापडल्या. तारा अब्जावधी वर्षांचा आहे, म्हणजे जन्माच्या वेळी त्यात असलेले टेक्नेशियम कधीच नष्ट झाले असणार. जे दिसते ते अलीकडेच तयार होऊन वर आलेले आहे. हाच वायू पुढे अभ्रिकेतून आंतरतारकीय अवकाशात मिसळतो. विश्वातील कार्बनचा मोठा वाटा या मार्गाने येतो. लोकप्रिय लेखनात सगळे श्रेय अतिनवताऱ्यांना, म्हणजे स्फोट होऊन संपणाऱ्या मोठ्या ताऱ्यांना, दिले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. आपल्या दीर्घिकेतील ९५ टक्क्यांहून अधिक ताऱ्यांचा शेवट श्वेत बटूत, म्हणजे उघड्या पडलेल्या विझत्या गाभ्यात, होतो, अतिनवताऱ्यात होत नाही.

त्रिशंकू

पुनर्वसू यांच्याशी सहमत आहे. याच संदर्भात भारतीय निरीक्षणांचीही नोंद व्हावी. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर जंबुपार प्रतिमा घेणारी दुर्बीण आहे. बंगळूरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने पुण्याच्या आयुका आणि इतर संस्थांच्या सहकार्याने ती तयार केली. कामेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून काही बिंबाभ्रिका पाहिल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृषपर्वा तारकासमूहातील एनजीसी ४० भोवती दूर-जंबुपार प्रकाशाचे मोठे प्रभामंडल आढळले. वृश्चिकेतील फुलपाखरू अभ्रिकेचे, म्हणजे एनजीसी ६३०२ चे, दूर-जंबुपार प्रकाशातील भाग दृश्य पंखांच्या बरेच बाहेरपर्यंत पसरलेले दिसले. हा प्रकाश हायड्रोजनच्या थंड रेणूंमधून येतो असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ताऱ्याचे जंबुपार किरण हे रेणू शोषतात आणि पुन्हा उत्सर्जित करतात.

नभांगण यांनी ज्याला अंधारा वायू म्हटले तो हाच. अभ्रिकेचा जो भाग आपण छायाचित्रात पाहतो त्याबाहेर पूर्वी गेलेले बरेच वस्तुमान असते आणि ते दाखवण्यासाठी वेगळ्या तरंगलांबीची दुर्बीण लागते.

दुर्बीणधारी

माझा सहभाग फक्त निरीक्षणापुरता. महाराष्ट्रातून पाहणाऱ्यांसाठी अडचण अशी आहे की एम ५७ रात्री सर्वांत उंच येते ते जून-जुलैत, आणि तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणून पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच पश्चिमेकडे वळावे. वांगणीसारख्या, शहराच्या उजेडापासून थोड्या दूर असलेल्या ठिकाणाहून सहा इंची दुर्बिणीतून लहानसे राखाडी वलय स्पष्ट दिसते. छायाचित्रांतील रंग मात्र दिसत नाहीत आणि मधला तारा पंधराव्या प्रतीच्या आसपासचा असल्यामुळे लहान दुर्बिणीतून त्याची अपेक्षा ठेवू नये.

त्याच रात्री जंबुक तारकासमूहातील एम २७ पाहावी. चार्ल्स मेसिएने १२ जुलै १७६४ रोजी नोंदवलेली ही पहिली ज्ञात बिंबाभ्रिका आहे आणि ती द्विनेत्रीतूनही सापडते. कुंभ राशीतील एनजीसी ७२९३ ऑक्टोबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातील उत्तर-दक्षिण रेषेवर, येते. ती फक्त ६५० प्रकाशवर्षांवर आहे आणि जवळजवळ पूर्ण चंद्राएवढी मोठी आहे, पण तिचा प्रकाश इतका पसरलेला आहे की शहरातून ती दिसत नाही. ध्रुवमत्स्य यांनी वर्णन केलेल्या हिरव्या रेषेचा प्रकाश तेवढा आरपार सोडणारा ऑक्सिजन-तीन गाळक येथे फार उपयोगी पडतो. रस्त्यांवरील दिव्यांचा बराचसा उजेड तो अडवतो आणि अभ्रिकेचा बहुतांश प्रकाश त्याच रेषेत असल्याने ती पार्श्वभूमीतून उठून दिसते. तारे मात्र त्यातून मंद होतात, म्हणून आधी जागा शोधावी आणि मग गाळक लावावा.

कृत्तिका

सर्वांचे आभार. शेवटचे एक विचारते. वर सर्व काळ हजारो वर्षांत मोजले गेले आहेत. एखाद्या अभ्रिकेत माणसाच्या आयुष्यात काही बदल झालेला कोणी पाहिला आहे काय?

नभांगण

पाहिला आहे. हेनाइझच्या यादीतील ३-१३५७ या क्रमांकाची एक अतिशय लहान अभ्रिका आहे, इंग्रजीत तिला स्टिंगरे म्हणतात. तिचा मधला तारा १९७१ मध्ये सुमारे एकवीस हजार केल्विनचा होता, २००२ पर्यंत तो साठ हजार केल्विनच्या घरात गेला आणि नंतर पुन्हा थंड होऊ लागला. हबल दुर्बिणीच्या १९९६ आणि २०१६ मधील प्रतिमा शेजारी ठेवल्या तर अभ्रिका इतकी फिकट झालेली दिसते की तिच्या बाहेरच्या कडा जवळपास नाहीशा झाल्या आहेत. जंबुपार किरण कमी झाले, म्हणून आयनांनी आपले इलेक्ट्रॉन परत मिळवले आणि प्रकाश ओसरला. वायू तेथेच आहे. तारा तापण्याच्या वाटेवर असताना हीलियमच्या कवचात उशिरा झालेल्या उद्रेकामुळे तो काही काळ उलट दिशेने फिरला असावा, हे त्याचे सध्या सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे.

धनू राशीत १९९६ मध्ये युकिओ साकुराई या जपानी हौशी निरीक्षकाने शोधलेला तारा याच जातीचा आहे. जुन्या बिंबाभ्रिकेच्या मध्यातील विझत चाललेला तारा अशाच उद्रेकाने काही वर्षांत पुन्हा फुगला आणि त्याने नव्याने धूळ बाहेर टाकली.

दुर्बीणधारी

ती स्टिंगरे अभ्रिका आपल्याकडून पाहता येईल काय? येत्या उन्हाळ्यात प्रयत्न करण्याचा विचार आहे.

नभांगण

ती पीठ तारकासमूहात, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ५९ अंशांवर आहे. पुण्यातून ती क्षितिजाच्या वर जेमतेम बारा अंश येते, आणि ती इतकी छोटी आहे की उत्तम आकाशातही हौशी दुर्बिणीतून ताऱ्यापासून वेगळी ओळखू येणार नाही. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये एनजीसी ३१३२ चा प्रयत्न करावा. ती मध्यमंडलावर असताना पुण्यातून सुमारे एकतीस अंश उंचीवर असते, आणि दुर्बिणीतून तिच्या मध्यात ठळक दिसेल तो जोडीदार तारा असेल, जनक नव्हे.